आजोबांची खोली फिरायला निघाली

मुलांनो, जरा डोळे मिटा बरं. पूर्ण मिटा, फटीतून बघणारे मला दिसतात! आता असं समजा, की तुम्ही दुकानातून घरी चालला आहात. हातात पिशवी, पिशवीत पाव, डोक्यात काहीच नाही. तुम्ही आपले घराकडे चालला आहात, आणि इतक्यात समोरून एक घरच तुमच्याकडे चालत येतंय!

घाबरू नका. घराला दार आहे, खिडकी आहे, वर छप्पर आहे. फक्त ते एका जागी नाही. नुकत्याच जेवलेल्या हत्तीसारखं डुलत डुलत, सावकाश येतंय. भिंतींच्या खालून पाय दिसतायत. एक-दोन नव्हेत, एखाद्या गोमेला असावेत तितके! आणि खिडकीतून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा डोकं बाहेर काढून ओरडतायत, "अरे, बाजूनं! बाजूनं! खड्डा आहे पुढं!"

दिसलं? छान. उघडा डोळे. आता हे सगळं कसं घडलं ते सांगतो.

त्या आजोबांची एक नात होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. बाकी सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी बसलेली फक्त फोटोत सापडायची. तिचे आजोबा जन्मभर गवंडी होते. विटा, दगड आणि चुना यांच्याशी त्यांची इतकी दोस्ती, की माणसांशी बोलतानाही ते आधी समोरचा सरळ उभा आहे का ते बघायचे. त्यांच्या खिशात कायम ओळंबा असायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं टोकदार वजन. भिंतीशेजारी सोडलं, की भिंत सरळ आहे की तिरकी, याची ते लगेच चुगली करतं.

संध्याकाळी आजोबा आणि नात फिरायला निघत ते बागेत नव्हे, लोकांच्या भिंती तपासायला! नवीन बांधकाम दिसलं, की आजोबा ओळंबा काढून भिंगरीच्या हातात देत. ती एक डोळा मिटून निकाल जाहीर करी, "तिरकी!" घरमालकाचा चेहरा पडे आणि हे दोघं खुशीत घरी परतत.

पण मग आजोबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. त्यांची खोली होती वरच्या मजल्यावर. गुडघे म्हणाले, आम्ही जिना चढणार नाही! मग आजोबा खालच्या सोफ्यावर झोपू लागले. सोफा आखूड आणि आजोबा लांब, त्यामुळे त्यांचे पाय वाटेत येत. सकाळी पेपर आणायला जाणारे बाबा त्या पायांना अडखळत. रात्री पाणी प्यायला उठणारी आई अडखळे. घरात सगळ्यांच्या नडग्या निळ्या झाल्या.

शेवटी भिंगरीच्या काकांचा फोन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, दुसऱ्या गावी राहणारे. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं बोलणं.

"अण्णांना मी घेऊन जातो," काका म्हणाले. "माझ्याकडे तळमजल्यावर रिकामी खोली आहे. महिनाअखेरच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"अण्णा, तुम्ही काय म्हणता?" बाबांनी विचारलं.

"बघू," आजोबा म्हणाले.

आजोबांच्या 'बघू'चा अर्थ घरात एकट्या तिला ठाऊक होता. 'बघू' म्हणजे 'मला कुणीतरी थांबवा की!'

"बाबा, मागच्या अंगणात खोली बांधा ना," ती म्हणाली.

बाबांचं सिमेंटचं दुकान होतं. घराच्या पुढेच मोठं फाटक, ट्रक उभा राहायला फरसबंद अंगण आणि बाजूला गोदाम. त्यामुळे खोली म्हटलं, की बाबांच्या डोळ्यांपुढे आधी पाया खणला जाई, मग भिंत चढे, मग तिच्यावर पाणी मारणं सुरू होई. "महिनाअखेर?" ते म्हणाले. "अगं, तोवर नुसता पाया वाळेल!"

"पाया वाळेल तर वाळू द्या दाजी, तो लागतोय कुणाला?" दारातून आवाज आला.

मामा! आईचा धाकटा भाऊ. घरं कशी बांधायची याचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता आणि बांधायला कुणी घर देईना म्हणून बहिणीकडे येऊन जेवत होता.

"खोली म्हणजे काय मोठंसं! त्या रविवारच्या आत आजोबा स्वतःच्या खोलीत घोरत नसले, तर मी मिशी उतरवीन!"

मामाला मिशी नव्हती. पण बोलण्यात जोर होता.

"कशाची बांधणार?" बाबांनी विचारलं.

"बांबूची!"

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले.

"माझ्या अंगणात? बांबू?" बाबा पुटपुटले. "अरे, गिऱ्हाइकं काय म्हणतील? हलवाई स्वतः शेजारून मिठाई आणतो, असं झालं हे!"

आजोबा सोफ्यावरून उठून बसले. "काय रे, खोली बांधतोयस की टोपली विणतोयस? घर म्हणजे वजन! वाऱ्यानं हलतं त्याला घर नाही म्हणत, पाळणा म्हणतात. मला काय पाळण्यात घालताय या वयात?"

पण मामानं मनावर घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी टेम्पोभर बांबू येऊन पडले. भिंगरी शाळेतून आली ती दप्तर फेकून थेट अंगणात.

"हा बघ," मामा एक बांबू वाजवत म्हणाला. "आतून पोकळ, म्हणून हलका. पण मध्ये मध्ये या गाठी आहेत ना, त्या आतून बंद असतात. म्हणून वाकतो, पण सहसा मोडत नाही. आणि झाडासारखी पन्नास वर्षं वाट बघायला नको. तीन-चार वर्षांत घर बांधण्याजोगा होतो. कापला तरी बेट जिवंत राहतं, बाजूनं पुन्हा कोंब येतात!"

"मग सगळे बांबूचीच घरं का नाही बांधत?"

"कारण कसा वापरायचा ते आधी शिकावं लागतं. औषधाच्या पाण्यात नीट मुरवला नाही, तर कीड फडशा पाडते. पाय ओल्या जमिनीत राहिले, तर कुजतो. म्हणून त्याला दगडावर उभा करायचा. आणि त्याला खिळा कधी..."

फट्‌!

बाबांनी मदत म्हणून एक खिळा मारला होता. बांबू या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरला आणि बाबा हातोडी पाठीमागे लपवून आकाशाकडे बघू लागले.

"दाजी! बांबूला खिळा मारायचा नाही! आधी भोक पाडायचं, नाहीतर बांधायचा!"

म्हणून मामानं भिंगरीला गाठी शिकवल्या. खांब आणि छप्पर कायमचे घट्ट आवळायचे. पण खांबांच्या मधल्या ज्या विणलेल्या तट्ट्या, म्हणजे या खोलीच्या भिंती, त्यांना निराळी गाठ. कितीही हलवा, सुटणार नाही, पण शेपूट ओढलं की लगेच मोकळी! भिंगरीला ती इतकी आवडली, की तिनं घरातल्या खुर्च्या, पडदे आणि झोपलेल्या बाबांचे दोन्ही पाय त्याच गाठीनं बांधून सराव केला.

आजोबांचं तोंड मात्र थांबेना. "खोली आहे की पार्सल? वर पत्ता पण लिहा!" "हा खांब बघा, माझ्यासारखा पाठीतून वाकलाय!" मामा नीट बांधलेल्या गाठी सोडून परत बांधू लागला. शेवटी आईनं कमरेवर हात ठेवले.

"अण्णा, खोली पुरी होईपर्यंत तुम्ही तिच्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. शब्द द्या मला."

"दिला!" आजोबा म्हणाले. "एक अक्षर बोलणार नाही. खोकीन फक्त."

आणि मुलांनो, इथंच सगळा घोटाळा झाला. आजोबा शब्दाचे पक्के होते.

मामा जागा शोधत अंगणात फिरत होता. गवताखाली त्याला एक सपाट, चौकोनी दगड सापडला. हलत नाही, डुगडुगत नाही, अगदी समपातळीत! "वा!" मामा ओरडला. "जमिनीनं आपणहून पाट मांडून ठेवलाय! हाच खोलीचा मध्य!"

ओसरीवरून आजोबा खोकले. मामानं दोरी आखायला घेतली. आजोबा आणखी मोठ्यानं खोकले. मग उभे राहिले, काठी उंचावली, दगडाकडे रोखली, मग घराच्या मोरीकडे रोखली, मग स्वतःचं नाक दाबून डोळे फिरवले.

"मामा, आजोबा काहीतरी सांगतायत," भिंगरी म्हणाली.

"टोमणा असणार," मामा मान वर न करता म्हणाला. "बोलायला बंदी केली, तर आता हातवारे करून टोमणे मारतात!"

"अण्णा, शब्द दिलाय तुम्ही!" आतून आई.

आजोबा खाली बसले. हाताची घडी घातली आणि मिशीतल्या मिशीत असे काही हसले, की भिंगरीला कसंसंच वाटलं.

खोली उभी राहिली. चारी कोपऱ्यांत दगड, दगडांना बोल्टनं धरलेले खांब, वर पुढे आलेलं छप्पर, खाली चोपलेली जमीन आणि तिच्यावर जाड चटया. बरोबर मधोमध, त्या चौकोनी दगडावर, आजोबांची खाट. शनिवारी आजोबा आत राहायला गेले. मामा दिवसभर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत घुटमळत राहिला. आजोबा चांगलंही म्हणेनात, वाईटही म्हणेनात. त्यांनी नुसता ओळंबा काढला, खांबाशी धरला आणि परत खिशात टाकला.

"आता बोला की अण्णा," आई म्हणाली. "खोली पुरी झाली."

"उद्या थोरला येतोय ना?" आजोबा म्हणाले. "बघू."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या मोरीनं ढेकर दिली.

आधी छोटी. मग मोठी. मग न्हाणीघरातून उत्तर आलं, "गुड्‌-गुड्‌-गुडुक!" आणि बादलीत जावं ते पाणी बादलीखालून वर यायला लागलं. बाबा तोंडाला फेस तसाच ठेवून बाहेर पळाले. नळवाल्याला बोलावणं गेलं. नळवाला आला, मोरीत काठी घालून पाहिली, कान लावून ऐकलं आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"बाहेर तुंबलंय. चेंबरचं झाकण कुठंय?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं मामाकडे पाहिलं.

"झाकण?" ओसरीवर चहा पीत असलेले आजोबा म्हणाले. "मीच बसवलंय ते. हे घर बांधलं तेव्हा. चौकोनी, सपाट. अगदी समपातळीत."

मामानं कपातला चहा बशीऐवजी स्वतःच्या पायावर ओतला. "म... मग कुठंय ते, अण्णा?"

"माझ्या खाटेखाली."

"अहो, मग आधी सांगायचं ना!" बाबा फेसासकट ओरडले.

"शब्द दिला होता. तरी खोकलो मी. घसा बसलाय अजून."

नळवाल्यानं खोलीला एक फेरी घातली. "ही काढावी लागेल," तो म्हणाला.

'काढावी लागेल' हे शब्द कानावर पडले मात्र, आजोबांच्या गुडघ्यांचा संप एकदम मिटला! ते ताडताड खोलीत गेले आणि आतून कडी लावली. खटॅक!

"अण्णा! बाहेर या!"

"येत नाही! मी बाहेर आलो, की तुम्ही हिचे तुकडे करणार!"

बाहेर गोंधळ उडाला. बाबा दार वाजवत होते, मामा केस उपटत होता, मोरी ढेकरा देत होती. भिंगरी मात्र कुणाला न विचारता मागं गेली आणि खिडकीतून आत उतरली.

खोलीत थंडगार होतं. तट्ट्यांच्या फटींतून उन्हाच्या बारीक रेघा येऊन खाटेवर पडल्या होत्या. आजोबा खांबाच्या एका गाठीवरून अंगठा फिरवत बसले होते.

"आजोबा, तुम्हाला आवडत नाही ना ही खोली?"

"हळू बोल," आजोबा कुजबुजले. "काल कधी नव्हे ते सकाळपर्यंत झोपलो. वारा आला, की ही जराशी करकरते. कुणीतरी बाजूला बसून गोष्ट सांगतंय असं वाटतं. विटेची भिंत कधी बोलली नाही बघ माझ्याशी."

"मग सांगा ना सगळ्यांना! काका न्यायला येतायत!"

"कसं सांगू? जन्मभर म्हणत आलो, घर म्हणजे वजन. आता कुठल्या तोंडानं सांगू, की मला टोपली आवडली?"

भिंगरीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडली, "मामा! तू म्हणाला होतास ना बांबू हलका असतो? मग खोली उचलूनच ठेवा ना दुसरीकडे!"

मामानं केस उपटणं थांबवलं. काही केस आधीच हातात आले होते. "उचलून!" तो पुटपुटला. मग किंचाळला, "उचलून! दाजी, बोल्ट काढा! खांब जमिनीत पुरलेलेच नाहीत! सिमेंटची असती तर फोडावी लागली असती, ही तर नुसती उचलायची!"

"ठेवायची कुठं?"

"पुढच्या अंगणात! तुमच्या फरसबंदीवर!"

पायाखाली सिमेंट येणार म्हटल्यावर बाबांचाही चेहरा उजळला. पण घराच्या बाजूनं पुढे जायला अरुंद बोळ होता. खोली मागचं तारेचं कुंपण गुंडाळून रस्त्यावर न्यायची, घराला वळसा घालायचा आणि ट्रकच्या फाटकातून आत आणायची, एवढी एकच वाट होती. समोरच्या व्यायामशाळेतली मंडळी बोलावली. त्यांचे मास्तर दंड थोपटत आले.

"अण्णा, आता तरी बाहेर या."

"उचला आम्ही आत असतानाच! म्हणजे आपटणार नाही तुम्ही!"

खाट आणि चटया दारातून बाहेर गेल्या, आजोबा नाही गेले. कडी परत लागली आणि मंडळी बाहेरून चारी बाजूंनी खांबांना भिडली.

"श्वास घ्या!" मास्तर गरजले. "उचला! श्वास सोडा! सगळा नका सोडू!"

आणि खोली उठली! गुडघ्याएवढी वर आली आणि निघाली. नळवाला मागं राहून झाकणाशी भिडला.

मुलांनो, तुम्ही आगगाडीत बसून झाडं पळताना पाहिली असतील. पण भिंगरीनं जे पाहिलं ते फार थोड्यांना दिसलं असेल. आतून बघितलं, तर खोली होती तशीच, चार भिंती, वर छप्पर, आणि खालची जमीन पळत होती! आधी गवत गेलं. मग माती गेली. मग डांबर आलं, त्यावरचा पांढरा पट्टा आला, कुणाची तरी हरवलेली चप्पल आली आणि गेली. आजोबा आणि ती हात धरून खोलीबरोबर चालत होते. जरा रेंगाळलं, की मागची भिंत पाठीत ढोसायची.

"चला, चला," आजोबा पुटपुटले. "खोलीच घाई करतेय."

नाक्यावर शिट्टी वाजली. वाहतूक पोलीस!

"थांबा! वाहन खाली ठेवा!"

वाहन खाली ठेवलं. पोलिसानं एक फेरी मारली. बहुधा चाकं शोधत असावा.

"नंबर कुठंय?"

"घराचा?" बाबांनी विचारलं.

"गाडीचा!"

"साहेब, ही गाडी नाही, खोली आहे," मामा धापा टाकत म्हणाला.

"खोली? मग रस्त्यात बांधकाम केलं म्हणून दंड. आणि गाडी असेल, तर परवाना नाही म्हणून दंड. काय आहे ते तुम्हीच ठरवा, मला घाई नाही."

खिडकीतून पांढऱ्या मिशा बाहेर आल्या. "आम्ही पादचारी आहोत!"

"आँ?"

"उचला रे जरा! हां. आता खाली वाकून बघा. एक तरी माणूस बसलाय का? सगळे चालतायत. मीसुद्धा चालतोय. चालणाऱ्याला परवाना लागतो, असं लिहिलंय कुठं?"

पोलीस वाकला. खालून पाय बघितले. व्यायामशाळेचे बूट, बाबांच्या सपाता, मधोमध आजोबांच्या चपला आणि भिंगरीचे अनवाणी तळवे. तो सावकाश उभा राहिला. इतक्या लोकांसमोर काहीतरी हुकूम सोडल्याशिवाय त्याला जाता येईना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही उलटे चाललाय! दार मागं, पाठ पुढं. माझ्या रस्त्यावर असं चालणार नाही. तोंड फिरवा!"

"श्वास घ्या!" मास्तर म्हणाले. खोली जागच्या जागी गर्रकन फिरली. आत आजोबा आणि भिंगरीही फिरले. दार पुढं आलं. पोलिसानं सलाम ठोकला आणि मागची वाहतूक सोडली.

पुढच्या वळणावर एक मोटार करकचून थांबली. तिच्यातून इस्त्रीचा शर्ट उतरला. काका! त्यांनी समोर बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. खोली होतीच. दाराला जाळीची एक झडप होती, तिच्यातून त्यांचे वडील त्यांच्याकडे बघत होते.

"अण्णा! हे काय चाललंय?"

"मी चाललोय! गाडी बाजूला घे, मागं खोळंबा होतोय!"

"अहो, मी तुम्हाला न्यायला आलोय!"

"बघतोयस ना, मला न्यायला किती माणसं लागतात ते? तू एकटा काय नेणार!"

खांब धरलेले सगळे हसले आणि खोली गदागदा हलली. काका हसले नाहीत. त्यांनी पुढं येऊन हळूच विचारलं, "खरं सांगा अण्णा. या बांबूच्या खोलीत राहाल तुम्ही?"

खोली थांबली. बाबा थांबले. मामानं तर श्वासच घेतला नाही, मास्तरांनी सांगूनही. भिंगरीनं आजोबांचा हात दाबला, एकदा हळू, एकदा जोरात.

आजोबा खाकरले. मग म्हणाले, "राहीन. टोपली आहे. पण चांगली विणलीय."

मुलांनो, भिंगरीच्या छातीतून असा काही सुस्कारा निघाला, की तिला वाटलं, खोली आपल्या वाऱ्यानंच पुढं सरकली! मामा मात्र रडायला लागला आणि त्याचा कोपरा खाली गेला.

"अरे, धरा त्याला! खोली कलतेय!"

काकांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, इस्त्री मोडली, आणि मामाच्या जागी स्वतः खांद्याला खांब लावला. "कुठं न्यायचीय?" ते म्हणाले.

खोली फाटकातून आत गेली, फरसबंदीवर अलगद टेकली, आणि मंडळी जिथल्या तिथं आडवी झाली. मास्तरांनी तर डोळे मिटून जाहीर केलं, "आज विश्रांतीचा दिवस."

मागून नळवाला आला. त्याच्या चिमट्यात कसलातरी ओला, केसाळ गोळा लोंबत होता, बुडालेल्या घरट्यासारखा. "मोरी मोकळी झाली. हे अडकलं होतं. बांबूच्या साली आणि तासलेल्या काड्या. न्हाणीघरात कुणी धुतल्या काय?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

"तट्ट्या स्वच्छ असाव्यात म्हणून..." मामा म्हणाला आणि नसलेल्या मिशीवरून हात फिरवला.

"आता चहा होऊन जाऊ दे," आई हसत म्हणाली. "अण्णा, या बाहेर!"

आतून कडी निघाली. दार दोन बोटं उघडलं. ठक्‌! परत उघडलं. ठक्‌!

सगळे पळत मागच्या बाजूला गेले. पोलिसाच्या हुकमानं फिरवलेली खोली परत फिरवायची कुणाला आठवणच राहिली नव्हती! दार गोदामाच्या भिंतीला नाक लावून उभं होतं. इकडे अंगणाच्या बाजूला नुसती खिडकी. भिंगरी तिच्यातून उतरली असती. पण आजोबांचे गुडघे?

"परत उचला," मामा म्हणाला. मास्तरांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

"गोदामाची भिंत फोडू या का?" बाबा म्हणाले.

"ती मी बांधलीय!" आतून गर्जना झाली. "हात तर लावून बघ!"

"खिडकीतून शिडी लावली तर?" काका म्हणाले. मग तिघंही एकदम बोलायला लागले.

आत आजोबांनी खिशातून ओळंबा काढून भिंगरीपुढं धरला. "बोलू दे त्यांना. तू बघ, चालून चालून तिरकी झाली का ही."

भिंगरीनं ओळंबा खांबाशी सोडला. एक डोळा मिटला.

"थोडीशी वाकलीय, आजोबा."

"किती?"

"तुमच्याएवढीच."

"मग टिकेल," आजोबा म्हणाले.

भिंगरीनं ओळंबा परत दिला आणि ती खिडकीच्या तट्टीपाशी गुडघ्यांवर बसली. तिथं खालच्या कोपऱ्यात तिनं स्वतः बांधलेली गाठ होती. ती खिडकीतून ओरडली, "मामा! भिंतीच्या गाठी सोडल्या तर छप्पर पडत नाही ना?"

"नाही गं! छप्पर खांबांवर असतं, भिंत काय, नुसती अडकवले..." आणि मामाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

भिंगरीनं दोन्ही हातांत गाठीचं शेपूट धरलं आणि ओढलं.